परळीत बनवलेला १८८० च्या दशकातला पंखा: रात्रभर वाऱ्यासाठी नक्की काय खर्च होतं?

ज्यांना पूर्ण भाग ऐकायला वेळ मिळत नाही, त्यांच्यासाठी हा लिखित मजकूर. बोलताना येणारे "म्हणजे", "बघा", "हं" बरेचसे काढलेत. आकडे मात्र सगळे ठेवलेत, कारण आजचा भाग आकड्यांवरच उभा आहे.

तर विषय असा. मी परळी वैजनाथमध्ये, शनिवार-रविवार मिळून चार महिने खपून, बॅटरीवर चालणारा एक जुना पंखा बनवला. जुना म्हणजे आजोबांच्या लग्नात आलेला नव्हे. १८८० च्या दशकातला, जेव्हा घरात वायरिंग ही गोष्टच नव्हती. मी पेशाने सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, म्हणजे दिवसभर ज्या गोष्टीला हात लावता येत नाही तिच्यावर काम करतो. म्हणून हातात धरता येईल असं काहीतरी बनवायचं होतं, इतकंच सुरुवातीचं कारण.

पण बनवता बनवता एक वेगळीच गोष्ट हाती लागली. प्रत्येक पंखा काहीतरी खातो. भिंतीवरचं बटण दाबलं की ते खाणं आपल्याला दिसत नाही. बॅटरीच्या पंख्यात ते समोर दिसतं. आणि परळीसारख्या गावात तर ते दिसायलाच पाहिजे.

१८८२ मध्ये काय चाललं होतं

स्कायलर व्हीलर नावाचा बावीस वर्षांचा अमेरिकन इंजिनिअर. त्याच्या नावावर १८८२ चा टेबल फॅन जमा आहे. दोन पाती, विजेची छोटी मोटार, आणि समोर जाळी नाही. बोट गेलं तर गेलं! पुढे १८८६ च्या सुमारास क्रॉकर आणि कर्टिस या दोघांच्या मोटार कंपनीने असे पंखे बाजारात आणले. व्हीलर तिथेच होता.

त्याच वर्षी, ४ सप्टेंबर १८८२ ला, न्यूयॉर्कमध्ये एडिसनचं पर्ल स्ट्रीट वीजकेंद्र सुरू झालं. आणि आपल्याकडे? मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटमध्ये विजेचे दिवे लागले तेही १८८२ मध्येच. पण ते पुरवणारी कंपनी लगेच गुंडाळली गेली. मुंबईत नियमित वीजपुरवठा यायला १९०५ उजाडलं. तोपर्यंत साहेबाच्या बंगल्यात छताला कापडी पंखा लटकायचा आणि त्याची दोरी ओढायला एक माणूस व्हरांड्यात बसलेला असायचा. तो पंखासुद्धा काहीतरी खायचाच: एका माणसाची झोप.

म्हणजे बघा, मोटार तयार होती, पंखा तयार होता, पण घराघरात वीज नव्हती. मग पंखा चालवायचा कशावर? उत्तर एकच, बॅटरी.

कम्युटेटर म्हणजे तांब्यात लिहिलेली इफ-एल्स

मोटार कशी फिरते हे दोन मिनिटांत सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

लोखंडाच्या दोन खांबांवर तार गुंडाळली आणि तिच्यातून करंट सोडला, की एक खांब उत्तर ध्रुव होतो, दुसरा दक्षिण. ही झाली फील्ड. मध्ये फिरणारा भाग म्हणजे आर्मेचर, त्यावरही तार गुंडाळलेली. तोही चुंबक होतो. विरुद्ध ध्रुव एकमेकांना ओढतात, म्हणून आर्मेचर वळतं.

आता अडचण अशी की विरुद्ध ध्रुव समोरासमोर आले की ते तिथेच चिकटून थांबणार. फिरत राहायचं असेल तर बरोबर त्या क्षणी आर्मेचरमधला करंट उलटा करायला हवा. हे काम कम्युटेटर करतो: शाफ्टवर बसवलेल्या तांब्याच्या पट्ट्या आणि त्यांना घासणारे दोन ब्रश. आर्मेचर फिरतं, पट्टी बदलते, करंट उलटतो.

कोडिंग करणाऱ्यांनो, ही सरळसरळ इफ-एल्स आहे. "पट्टी पहिली असेल तर इकडून, नाहीतर तिकडून." फक्त ती कोडमध्ये न लिहिता तांब्यात कापलेली आहे.

एक छोटं कोडं. माझ्या पंख्यात फील्ड आणि आर्मेचर एकामागोमाग एकाच रांगेत जोडलेत, म्हणजे सिरीजमध्ये. आता बॅटरीच्या दोन्ही वायरी उलट्या लावल्या तर पंखा उलटा फिरेल का? खूप जण हो म्हणतात. तो फिरतो त्याच दिशेला. कारण दोन्ही चुंबक एकदमच उलटतात, त्यामुळे ओढ तीच राहते. आपल्या घरचा मिक्सर एसीवर चालतो तो याच गुणामुळे. एसीची दिशा सेकंदाला शंभर वेळा उलटते, मिक्सरला फरक पडत नाही.

परळीत पार्ट कसे जमले

आधी स्पष्ट करतो, मी कुठल्याही एका मॉडेलची स्क्रू-टू-स्क्रू नक्कल केलेली नाही. त्या दशकातल्या बॅटरी पंख्यांची जी सर्वसाधारण रचना होती, तीच ठेवली: उघडी मोटार, दोन खांबांची फील्ड, दोन पितळी पाती, आणि ६ व्होल्टच्या आसपासची बॅटरी.

मराठवाड्यात एक फायदा आहे. शेतातल्या मोटारी सतत जळतात, त्यामुळे मोटार वाइंडिंगचं दुकान शोधावं लागत नाही. इनॅमलची तार तिथेच किलोवर मिळाली. फील्डला १८ गेज, आर्मेचरला २० गेज. शाफ्ट आणि गनमेटलचे बुश लेथवाल्याने करून दिले. पाती पितळी पत्र्यातून कापली, टोकापासून टोकापर्यंत २० सेंटीमीटर, आणि साधारण ३० अंशाचा पीळ दिला.

आर्मेचरचा गाभा मात्र भरीव लोखंडाचा केला नाही. पातळ पत्रे कापून, प्रत्येकाला वार्निश लावून, एकावर एक रचले. कारण असं की फिरताना गाभ्यातलं चुंबकत्व सारखं बदलतं, आणि भरीव लोखंडात त्यामुळे आतल्या आत गोल गोल करंट फिरायला लागतात. त्यांनी वारा मिळत नाही, नुसतं लोखंड तापतं. पत्रे एकमेकांपासून वेगळे ठेवले की या करंटची वाट तुटते.

सगळ्यात छान चर्चा झाली ती ब्रशवर. वाइंडिंगच्या दुकानातले मामा म्हणाले, "कार्बन टाक की. मिक्सरचे घासून बसव, जमतंय."

मी म्हटलं, "मामा, त्या काळात तांब्याचे ब्रश असायचे. आणि बॅटरी सहाच व्होल्टची आहे."

मामा क्षणभर थांबले आणि म्हणाले, "मग कार्बन नको. म्हणून तर गाडीच्या सेल्फ मोटारीत तांब्याचे ब्रश असतात. बारा व्होल्टच असतात ना तिथं."

पुस्तकात जे मी चार पानं वाचून समजून घेतलं होतं, ते मामांनी एका वाक्यात सांगितलं. कार्बनच्या एका ब्रशवर साधारण १ व्होल्ट खर्च होतो, म्हणजे दोन ब्रशचे २. मिक्सरच्या २३० व्होल्टमध्ये २ गेले तर कुणाला पत्ता लागणार नाही. पण ६ मधून २ गेले तर एक तृतीयांश वीज ब्रशवरच संपली. तांब्याचा ब्रश यातला अगदी थोडा भाग खातो. तोटा हा की ठिणग्या जास्त उडतात आणि कम्युटेटर लवकर झिजतो. दर काही तासांनी तो बारीक पॉलिश पेपरने साफ करावा लागतो.

एक गोष्ट मी जुन्यासारखी ठेवली नाही. घरात लहान मुलं येतात-जातात, म्हणून पंख्याभोवती काढता-घालता येणारी जाळी केली. फोटो काढताना काढायची, चालवताना लावायची. १८८२ शी एवढं इमान राखायची गरज नाही.

मोबाईलने मोजलेला वेग

आता मोजमाप. दोन्ही वाइंडिंग मिळून रेझिस्टन्स भरला ०.८ ओहम. ६ भागिले ०.८ म्हणजे ७.५. पाती हाताने धरून ठेवली तर साडेसात अँपिअरच्या आसपास करंट जाणार आणि तार तापणार. पण पंखा फिरायला लागला की करंट उतरून ३ अँपिअरवर येतो. का? कारण फिरणारी मोटार स्वतःच थोडी वीज तयार करते, बॅटरीच्या उलट दिशेने. जितकी जोरात फिरेल तितका हा उलटा दाब जास्त, तितका करंट कमी. म्हणूनच अडकलेला पंखा किंवा जाम झालेली पाण्याची मोटार जळते. फिरत असती तर तिने स्वतःला वाचवलं असतं.

वेग मोजायला यंत्र घेतलं नाही. एका पात्यावर पांढरी चिकटपट्टी लावली आणि मोबाईलच्या स्लो मोशनमध्ये, सेकंदाला २४० फ्रेमवर, व्हिडिओ काढला. पट्टी पुन्हा त्याच जागी यायला ११ फ्रेम लागल्या. २४० भागिले ११, म्हणजे सेकंदाला जवळपास २२ फेऱ्या, मिनिटाला १३०० च्या आसपास. तुमच्या घरच्या पंख्यावर करून बघा, जमतं.

थोडक्यात, ६ व्होल्ट, ३ अँपिअर, १८ वॉट. टेबलावर समोर बसलेल्या एका माणसाला बरा वारा लागतो. आवाज मात्र आहे.

"रातभर चालतो का रे हा?"

हा प्रश्न आजीचा. मोटारीचं, पितळेचं, ठिणग्यांचं सगळं कौतुक ऐकून झाल्यावर तिने एवढंच विचारलं. आणि खरं सांगायचं तर पंख्याबद्दल विचारण्यासारखा प्रश्न हाच आहे. मे महिन्यात परळीत पारा ४२ च्या पुढे गेला की दुपार कशीही निघते. रात्र निघत नाही.

उत्तर आहे: नाही. मी लावलेली बॅटरी ६ व्होल्ट, ४.५ अँपिअर-तासांची सीलबंद लेड-अ‍ॅसिड आहे, इमर्जन्सी लाइटमध्ये असते तीच. कागदावर ६ गुणिले ४.५ म्हणजे २७ वॉट-तास. १८ वॉटला दीड तास पुरायला हवी. प्रत्यक्षात ५० मिनिटांत ५.२५ व्होल्टवर आली, आणि त्याखाली ही बॅटरी उतरवायची नसते, खराब होते. फरक का पडला? कारण ४.५ हा आकडा २० तास सावकाश उतरवली तर मिळतो. घाई केली की तीच बॅटरी कमी देते.

रात्र म्हणजे ८ तास धरू. १८ गुणिले ८, बरोबर १४४ वॉट-तास. तुमच्या हातातला ५००० एमएएचचा फोन साधारण १९ वॉट-तास साठवतो. म्हणजे या पंख्याला एका रात्रीसाठी साडेसात फोन लागतील.

मग त्या काळातले लोक काय करत होते? लेड-अ‍ॅसिड बॅटरी तेव्हाही होती, प्लांतेने ती १८५९ मध्येच बनवली होती. पण ती उतरल्यावर चार्ज कशावर करणार? घरात वीज असती तर बॅटरी लागलीच नसती. म्हणून अशा ठिकाणी चार्ज न होणारे सेल वापरत. त्यातला एक नावाजलेला म्हणजे लालांद सेल, जो पुढे एडिसनने स्वतःच्या नावाने विकला. रेल्वेच्या सिग्नलना तो भरपूर वापरला गेला. काचेच्या बरणीत कॉस्टिक सोड्याचं पाणी, त्यात जस्ताच्या आणि कॉपर ऑक्साइडच्या पाट्या, आणि हवा लागू नये म्हणून वर तेलाचा थर. मी हा सेल बनवला नाही. तेवढा तीव्र कॉस्टिक सोडा डोळ्यात उडाला तर डोळा जातो. पण हिशोब करायला सेल बनवावा लागत नाही. तो फॅरडेने करून ठेवलाय.

एक सेल चालू असताना साधारण ०.६७ व्होल्ट देतो. ६ व्होल्टसाठी ९ सेल. आणि १ अँपिअर-तास वीज द्यायला १.२२ ग्रॅम जस्त विरघळतं. आता लावा हिशोब. ३ अँपिअर, ८ तास, म्हणजे २४ अँपिअर-तास. एका सेलमध्ये सुमारे २९ ग्रॅम जस्त. नऊ सेलमध्ये सुमारे २६० ग्रॅम. शिवाय ३२० ग्रॅम कॉपर ऑक्साइड वापरलं जातं, ते वेगळं.

म्हणजे एका माणसाला एक रात्र वारा घ्यायचा तर पाव किलोपेक्षा जास्त जस्त खर्च! काही रात्रींनंतर पाट्या संपणार, सोड्याचं पाणी बदलायचं, पुन्हा पाट्या विकत आणायच्या. बॅटरीचा पंखा मागे पडला त्याचं कारण मोटार नव्हती. मोटार चांगलीच होती. तिचं जेवण परवडत नव्हतं.

आणि आपला छताचा पंखा?

इथे मला परळीबद्दल बोलायचंय.

आपल्या साध्या छताच्या पंख्याला साधारण ७५ वॉट लागतात. ८ तासांत ०.६ युनिट. बिलात हे चार-सहा रुपये दिसतात आणि विषय संपतो. पण ते ०.६ युनिट कोळशाच्या प्लांटमधून आलं असेल, तर एका युनिटला साधारण ७०० ग्रॅम धरून, रात्रीत ४०० ग्रॅमहून जास्त कोळसा जळाला. जस्त परवडत नाही म्हणून जे आपण सोडलं, त्याच्या जागी हे आलं. स्वस्त आहे, आणि जळतं दुसरीकडे, म्हणून दिसत नाही.

फक्त आमच्यासाठी ते "दुसरीकडे" म्हणजे इथेच आहे. परळीत औष्णिक वीज केंद्र १९७१ पासून आहे. सुरुवात ३० मेगावॉटच्या संचाने झाली. कोळशाच्या वॅगन, धुराडी, राखेचे ट्रक हे बघतच आम्ही लहानाचे मोठे झालो.

कोळसा सगळ्यांना माहीत असतो. पाणी माहीत नसतं. वाफ थंड करायला कूलिंग टॉवरमधून पाणी सतत हवेत उडून जातं. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने अशा जुन्या प्लांटना मर्यादा घालून दिली: एका मेगावॉट-तासाला जास्तीत जास्त साडेतीन घनमीटर. म्हणजे एका युनिटला साडेतीन लिटर. त्या मापाने छताचा एक पंखा एका रात्रीत दोन लिटरच्या वर पाणी पितो. दोन बाटल्या, आणि तुम्ही झोपलेले.

फेब्रुवारी २०१३ मध्ये हेच पाणी संपलं. दुष्काळ होता, खडका बंधारा आटला, आणि तेव्हा ११३० मेगावॉट क्षमतेचा परळीचा प्लांट बंद ठेवावा लागला. मी तेव्हा शाळेत होतो. कोळसा होता, यंत्रं होती, माणसं होती. पाणी नव्हतं. कंत्राटी कामगारांच्या घरात त्या वर्षी काय झालं, हे गावात कुणालाही विचारा. आणि तेव्हा प्यायच्या पाण्यासाठी टँकरची वाट बघणाऱ्या गावांमध्ये, वीज असेल तेव्हा, पंखे याच हिशोबाने फिरत होते.

मी पंखा बंद करा म्हणत नाहीये. ४२ डिग्रीत पंखा चैन नाही, गरज आहे. म्हातारी माणसं, तान्ही बाळं यांच्यासाठी तर जिवाचा प्रश्न आहे. म्हणूनच तेवढाच वारा कमी खाऊन मिळाला तर हवा आहे.

डीसी परत आलाय

आणि तो मिळतो. बीएलडीसी पंखा तुम्ही जाहिरातीत पाहिला असेल. तो साधारण ३० वॉटमध्ये ७५ वॉटवाल्याइतका वारा देतो. ८ तासांत ०.२४ युनिट. कोळसा १७० ग्रॅमच्या आसपास, पाणी एक लिटरपेक्षा कमी. निम्म्याहून जास्त वाचलं.

गंमत म्हणजे हा माझ्या १८८० च्या पंख्याचा नातू आहे. आत डीसी मोटारच आहे. फक्त घासणारे ब्रश आणि तांब्याचा कम्युटेटर काढून टाकलेत. आर्मेचरच्या जागी कायमचा चुंबक फिरतो, आणि करंट कधी उलटायचा हे छोटा सर्किट बोर्ड ठरवतो. तांब्यातली इफ-एल्स आता खरोखर कोडमध्ये लिहिलेली आहे. ठिणगी नाही, घर्षण नाही, पॉलिश पेपर नाही. आणि लाइट गेली तर इन्व्हर्टरची तीच बॅटरी दुपटीहून जास्त वेळ पुरते. म्हणजे आजीच्या प्रश्नाचं उत्तर "हो" होण्याची शक्यता वाढते.

जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांवर स्टार लेबल बंधनकारक आहे. घेताना तारे बघाच, पण खोक्यावरचे वॉटही वाचा.

चार्जिंगचा छोटा पंखा घेत असाल तर एक हिशोब पाठ करा. खोक्यावर १०,००० एमएएच लिहिलं असेल तर त्याला ३.७ ने गुणा आणि हजाराने भागा: ३७ वॉट-तास. पंखा ५ वॉटचा असेल तर ३७ भागिले ५, सात तासांच्या आसपास. गळती धरून सहा समजा. खोक्यावर "२० तास" लिहिलेलं असेल, तर ते सगळ्यात मंद स्पीडवरचं असणार. दुकानदाराला विचारा, "फुल स्पीडवर किती वॉट?" सांगता आलं नाही तर दुसरं मॉडेल बघा.

माझा पितळी पंखा सध्या टेबलावर आहे. पाहुणे आले की दहा मिनिटं चालवतो, मग बॅटरी चार्जिंगला लावतो, भिंतीतल्या पॉइंटवर. आणि त्या पॉइंटच्या पलीकडे काय आहे, हे आता डोक्यातून जात नाही.

या आठवड्याचं काम: तुमच्या घरातल्या पंख्याचे वॉट शोधा, रात्रीचे तास गुणा, हजाराने भागा, म्हणजे युनिट मिळतील. मग कोळसा आणि पाणी काढा. आकडा कमेंटमध्ये टाका, गावाच्या नावासकट. पुढच्या भागात आपण इन्व्हर्टर उघडणार आहोत. तोपर्यंत पाणी प्या, उन्हात फिरू नका. भेटू.